मार्गशीर्षातला नाताळ

बाबा नाताळला जेवायला येणार, असं हेमांगीनं तेवीस तारखेच्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणे आनंद केला. तिचा सासरा सेबेस्टियन आधी चष्मा शोधायला लागला, कारण महत्त्वाचं काही ऐकायचं तर त्याला चष्मा लागतो. सासू रोझलीननं कुलकुल्यांचं पीठ लागलेल्या हातांनीच सुनेचे गाल धरले. नवरा ग्लेन "खरंच? स्वतः म्हणाले?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पडदे इस्त्री करायला गेला, आयुष्यात पहिल्यांदाच. आणि इझाबेल, सेबेस्टियनची थोरली बहीण, लग्न न करता पन्नास वर्षं या घराचा कारभार पाहणारी, एवढंच म्हणाली, "ताट आणणार का ते विचार."

ताट पितळेचं होतं, काठाला एक पोचा आलेलं. सेबेस्टियनच्या वडिलांच्या काळापासून ते दर नाताळला कुंपणापलीकडच्या पांडुरंगाच्या, म्हणजे हेमांगीच्या बाबांच्या घरी नाताळचं गोडधोड, नेवऱ्या-कुलकुले, घेऊन जायचं आणि दिवाळीला फराळ घेऊन परत यायचं. रिकामं ते कधी फिरलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळालाही गेलं. दुसऱ्याच दिवशी हेमांगी आणि ग्लेननं कोर्टात जाऊन लग्नाच्या सह्या केल्या, आणि पांडुरंगाला ते संध्याकाळी कळलं, गावातल्या सगळ्यांच्या नंतर. ताट तिकडेच राहिलं. दोन दिवाळ्या गेल्या. पांडुरंगाच्या वाडीतला पंप इकडे ऐकू यायचा, त्याचा खोकला ऐकू यायचा, पण पांडुरंग काही आला नाही.

आता तो येणार होता. लेकीच्या घरी जेवणार होता.

चोवीस तारखेच्या सकाळी आईचा, विमलाचा, फोन आला.

"हेमा, सासूबाईंना सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं की. खूश आहेत सगळे."

"अगं, ते नव्हे. मार्गशीर्षाचं. बाबा महिनाभर मासा-मटण सोड, अंड्यालासुद्धा हात लावत नाहीत. तुला का ते नव्यानं सांगायचं?"

हेमांगीनं भिंतीकडं पाहिलं. माहेरी असताना तिला कॅलेंडर बघावंच लागायचं नाही. आईनं गुरुवारचा घट मांडला की मार्गशीर्ष लागला. इथल्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, त्यात सगळे संत तारखेवार हजर, पण मार्गशीर्ष कुठंच नाही.

"हो, सांगितलंय तेही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं बोलून झाल्यावर तिनं घरात काय काय आहे ते डोळ्यांसमोर आणलं. बावखलातली, म्हणजे वाडीतल्या तळ्यातली, तीन बदकं कालच आंबट-तिखट इंद्याल होऊन व्हिनेगरमध्ये मुरत पडली होती. या घरात नाताळचं इंद्याल बदकाचंच व्हायचं, डुकराचं नाही, शेजाऱ्यांनाही चालावं म्हणून. अर्नाळ्याहून रोझलीनचा भाऊ कोळंबी पाठवणार होता. केकमध्ये डझनभर अंडी. सगळ्यांचे आवडते फुगे, ते तळलेले गोल पाव, त्यांच्या पिठातही अंडी.

सांगितलं, तर माझ्या बापासाठी यांचा सण बुडाला असं होणार. नाही सांगितलं, तर बाबा ताटावर बसतील, पाणी पितील आणि उठतील. आणि आज असे उठले तर परत यायचे नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. अडचणीत सापडलेली माणसं करतात तेच तिनं केलं. शेवटी गुपचूप वरण-भात लावू म्हणून विषय मनातून ढकलून दिला आणि मोबाईलवर मार्गशीर्षाच्या तिथी मोजत बसली.

"तीस तारखेला संपतो," मागून आवाज आला. "सोमवारी अमावास्या. मंगळवारी पौष."

इझाबेल होती. हातात जुन्या व्हिनेगरची बाटली.

"आत्या, तुम्हाला कसं माहीत?"

"चाळीस वर्षं ताट मी भरलंय. नाताळ कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात. मार्गशीर्षात आला की पांडूच्या ताटात केक घालायचा नाय, त्यात अंडं असतं. दर डिसेंबरात मी वाण्याकडं जाऊन त्याचं कॅलेंडर बघून येते. परवाच बघून आले." इझाबेलनं बाटली खाली ठेवली. "मी वाट बघत होते गो, तू कधी सांगतेस त्याची."

हेमांगीला रडायलाच यायचं बाकी होतं. "मम्मींना नका सांगू ना. इतकी तयारी केलीय त्यांनी. मी बाबांसाठी वेगळं काहीतरी करते."

"मी नायच सांगणार. तू सांगशील."

"काय सांगायचंय?" लसणाची टोपली कमरेला लावून रोझलीन दारात उभी होती. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की तिनं बरंचसं ऐकलंय.

हेमांगीनं सांगितलं. खाली बघत, एका दमात, आईशी खोटं बोलले तेसुद्धा.

रोझलीनचा राग अर्नाळ्याचा. भरतीसारखा येतो, पण मुक्कामाला राहत नाही. "मला नाय सांगायचं? का गो? मी काय तुला खाऊन टाकनार व्हती? बापाला शेवटी सांगितलंस, त्यात दोन वर्सं गेली. आता मलापन शेवटीच सांगनार? माझ्या घरी मानूस जेवायला येनार आनि त्याला काय चालतं ते मला म्हाईत नाय!"

 हेमांगीचे खांदे आखडले. ते खांदे बघून रोझलीनला एकदम आपला या घरातला पहिला नाताळ आठवला. चौतीस वर्षांपूर्वीचा. कोळ्याची पोर बागायतदारांच्या घरात आलेली, पापलेट डोळे मिटून कापील अशी, पण इथं नणंदेनं तिच्यापुढं लसणाची टोपली ठेवली आणि इंद्यालच्या मडक्याकडं फिरकू दिलं नाही. मीठ कुठं ठेवलंय हे विचारायचं धाडस व्हायला तिला तीन दिवस लागले होते. ते तीन दिवस अळणीच गेले.

रोझलीननं टोपली खाली ठेवली. "रडू नको. ऐक. उद्या दुपारी या घरात मटन नाय, मासं नाय, अंडं नाय. सगळ्यांना एकच जेवन."

"मम्मी, सगळ्यांना कशाला..."

"पाव्हना एकटा वरन-भात खानार आनि आमी त्याच्यासमोर हाडं चोखनार? माझ्यानं नाय व्हायचं ते."

"आणि बदकं?" सेबेस्टियननं बाहेरून विचारलं. चष्मा सापडलेला दिसत होता.

"बदकं कुठं पळून चाललीत?" इझाबेल म्हणाली. "इंद्याल जितकं मुरेल तितकं चांगलं. रात्री खाऊ."

नणंद-भावजयीचं एका वाक्यात एकमत झालेलं सेबेस्टियननं या घरात फार थोड्या वेळा पाहिलं होतं. तो मुकाट्यानं येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात मातीच्या मेंढ्यांपुढं गवत लावायला गेला.

संध्याकाळी घरची मुलगी आली, ग्लेनची बहीण मेलिसा. गोखिवऱ्यातल्या फ्लॅटमधून, दोन पिशव्या आणि प्रचंड भूक घेऊन. बातमी ऐकून ती सोफ्यावर बसलीच.

"नाताळच्या जेवणात वरण-भात? मम्मी, सीरियसली? मी वर्षभर या बदकासाठी थांबते."

"मला वाटलं आईला भेटायला येतेस."

"तेपण आहेच ना! पण दोन टेबलं लावा की. सिम्पल."

"एका घरात दोन टेबलं?" ग्लेन म्हणाला. "दोन वर्षं दोन टेबलंच चालू आहेत, मेल."

मेलिसानं वाद सोडला. पण पोटाची समजूत तोंडाइतक्या लवकर निघत नाही. थोड्या वेळानं रोझलीन मागच्या पडवीत गेली तर इंद्यालच्या मडक्यापाशी बाप-लेक उभे. मेलिसाच्या हातात वाटी, सेबेस्टियनच्या हातात पावाचा तुकडा.

"मीठ बघत होतो," सेबेस्टियन म्हणाला.

"इझाबेलच्या मडक्यात मीठ बघतोयस? सांगू तिला?"

दोघं शिस्तीत घरात आले. शिक्षा म्हणून रोझलीननं मेलिसाला फुग्यांचं काम दिलं. अंड्याशिवाय फुगे करायचे.

नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले आणि स्वयंपाकघरात जागा उरली नाही. चांदीप गावचा नवा तांदूळ नारळाच्या दुधात शिजत होता. वाल सोलून ठेवले होते. इझाबेलनं माळ्यावरून एक कोरं मडकं काढलं, धुतलं, चुलीवर ठेवलं आणि बाटलीत भरून ठेवलेला वर्षाचा मसाला व्हिनेगरमध्ये कालवून हेमांगीपुढं सरकवला. शेजारी भुरकेळीची कच्ची केळी, सालं काढून जाड कापलेली.

"केळ्यांचं इंद्याल. आमच्या आईच्या वेळी मार्गशीर्षात पांडूच्या बापासाठी व्हायचं. कर."

"मी?" हेमांगी मागं सरली. "आत्या, तुम्ही करा ना. बाबांना तुमच्या हातचं आवडतं."

"माझ्या हातचं तो चाळीस वर्षं खातोय, त्यात काय मोठंसं? तुझ्या हातचं खाल्लं तर खरं."

वाल धुता धुता रोझलीननं हे ऐकलं आणि तिचे हात थांबले. "चौतीस वर्सं," ती वालांना उद्देशून म्हणाली. "चौतीस वर्सं मी लसून सोलतेय. आनि ही पोर दोन वर्सांत मडक्यावर."

"तुझं मासं चांगलं होतं, म्हणून तुला इकडं येऊ दिलं नाय," इझाबेल वळून न बघता म्हणाली. "दोन्ही तुझंच चांगलं झालं असतं तर मी काय केलं असतं?"

पन्नास वर्षांत इझाबेलनं कोणाला अशी पावती दिली नव्हती.  रोझलीननं वालांत घालायचं खोबरं नेहमीपेक्षा दुप्पट खवलं, आणि मधेच उठून हेमांगीच्या मडक्याखालचा जाळ स्वतः नीट करून दिला.

फुग्यांचा पहिला घाणा पुऱ्यांसारखा चपटा निघाला. ग्लेननं एक उचलून कानाला लावला, "हॅलो" म्हणाला आणि मेलिसाचा लाटणं घेतलेला हात चुकवून पळाला. मग मेलिसानं ओढणी बाजूला टाकली, पिठात नारळाचं दूध आणि चिमूटभर यीस्ट आणखी घातलं आणि कोपरापर्यंत हात भरवून अर्धा तास पीठ असं आपटलं की मांजर अंगणात गेलं. दुसरा घाणा तेलात पडला आणि टम्म फुगला. "येस!" मेलिसा ओरडली. "अंड्याशिवाय! विदाऊट अंडं!" ती आता कोणाच्या बाजूला होती हे कोणी विचारलं नाही.

बरोबर साडेबाराला पांडुरंग घरातून निघाला. कुंपणाच्या फटीतून वीस पावलं होती, आयुष्यभर तो तिथूनच गेला होता. आज रस्त्यानं वळसा घालून, फाटकातून. पांढरा शर्ट, नवी चप्पल, हातांत कापडानं झाकलेलं ताट, शेजारी विमला. तिच्या पिशवीत काय आहे ते त्यानं विचारलं नव्हतं आणि तो का चाललाय ते तिनं विचारलं नव्हतं. कारण साधं होतं. रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून त्याला लेकीचं हसू ऐकू यायचं. पहिले काही महिने त्याला त्याचा राग आला. मग सवय झाली. गेल्या महिन्यात ती चार दिवस तापानं पडली, हसू ऐकू आलं नाही, आणि पांडुरंग चारही दिवस पंप बंद ठेवून कुंपणाशी उभा राहिला. पाचव्या दिवशी ती हसली. त्या दिवशी त्यानं माळ्यावरचं ताट काढून चिंचेनं घासलं होतं.

दारात सेबेस्टियन. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"जाडा झालास, सेबू."

"तू म्हातारा झालास."

झालं. दोन वर्षांचं भांडण पुरुषांच्या बाजूनं तिथंच मिटलं. लेकीचं मात्र बाकी होतं. हेमांगी समोर आली, वाकली, त्यानं डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं तो घेतला, आणि विमलानं सुटकेचा श्वास सोडला.

टेबलाभोवती सगळे बसले, हेमांगी वाढायला उभी राहिली. सेबेस्टियननं भोजनाची प्रार्थना म्हटली, पांडुरंगानं हात जोडले. झाकणं निघाली. पांडुरंगानं भात पाहिला, वाल पाहिले, फुगे पाहिले, केळी पाहिली. नाक वर करून हुंगलं.

"बदक कुठं आहे?"

सगळ्यांनी हेमांगीकडं पाहिलं.

"बाबा, मार्गशीर्ष आहे ना," हेमांगी म्हणाली.

"ते मला माहीत आहे. महिना मी पाळतो. यांनी कधीपासून पाळायला घेतला?" त्याचा आवाज चढला.  "सेबूच्या घरी नाताळ, आणि इंद्याल नाही? उद्या गावात म्हणतील, दोन वर्षांनी पांडुरंग जेवायला गेला आणि त्यांचा सण बुडवून आला. माझ्या ताटात नको, तुमच्या ताटात का नको? तुम्ही जेवताना बघून मी काय बिघडणार आहे?" तो इझाबेलकडं वळला. "इझाबेलबाय, तुझ्या डोळ्यांसमोर हे झालं? आण ते मडकं!"

"हो, आणते!" असं मेलिसा म्हणाली तेव्हा ती पडवीत पोचलेलीही होती.

मडकं आलं. झाकण निघालं आणि दोन दिवस मुरलेल्या मसाल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. इझाबेलनं डाव उचलला, क्षणभर हातात धरला आणि रोझलीनच्या हातात दिला. "तू वाढ आज." रोझलीन वाढू लागली. पहिला तुकडा तिनं इझाबेलच्या ताटात घातला, सगळ्यात मोठा.

पांडुरंगानं लांबूनच मडक्यात डोकावून घेतलं. "मंगळवारी पौष. माझी एक वाटी झाकून ठेव, रोझलीन. एकतीसला येतो."

"वाटी कसली, भाऊ, वाडगा ठेवते!"

मग त्यानं फुगा मोडला, केळ्याच्या रसात बुडवला आणि तोंडात घातला. हेमांगी उभीच होती. तिला ताटातलं काही दिसत नव्हतं, फक्त बापाचा जबडा हलताना दिसत होता. पांडुरंगानं दुसरा घास घेतला. तिसरा.

"इझाबेलबाय," तो म्हणाला, "हात नाही बदलला तुझा. आंबट तेवढंच, तिखट तेवढंच."

"माझा हात नव्हे तो. तुझ्या पोरीचा आहे."

पांडुरंगाचा घास हातातच राहिला. त्यानं मान वर केली आणि त्या दिवसात पहिल्यांदा लेकीकडं सरळ पाहिलं. डोळे भरले होते, आणि ते लपवावेत असं त्याला वाटलं नाही.

"मला सांगायचं होतंस, हेमे," तो म्हणाला. केळ्यांबद्दल तो बोलत नव्हता, हे सगळ्यांना कळलं. "मी ओरडलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. पण आलो असतो ना गं मी."

"चुकलं, बाबा." हेमांगी रडत होती, हसतही होती. "तेव्हा भीती वाटली. कालसुद्धा वाटली."

"पुन्हा शेवटी नको सांगूस." त्यानं ताट पुढं सरकवलं. "वाढ अजून. केळी जास्त, रस जास्त."

तिनं वाढलं. त्यानं खाल्लं, मग पुन्हा मागितलं. ग्लेननं सासऱ्याशी स्पर्धा लावल्यासारखे सहा फुगे संपवले. सेबेस्टियननं इंद्यालमध्ये मीठ अगदी बेताचं असल्याचं जाहीर केलं, आणि मेलिसाला ठसका लागला.

जेवणं झाल्यावर पांडुरंगानं ताटावरचं कापड काढलं. पितळ लखलखत होतं, पोचा मात्र जसाच्या तसा. ताटभर करंज्या होत्या. रोझलीननं त्या डब्यात काढल्या आणि रिवाजाप्रमाणे पितळेचं ताट फडताळात ठेवायला उचललं, कारण आता ते पुढच्या नाताळापर्यंत इथंच राहायचं.

"ठेवू नको ते," पांडुरंग म्हणाला.

रोझलीन थांबली. 

"उद्या शेवटचा गुरुवार आहे," तो दाराशी काढलेल्या चपलेकडं बघत म्हणाला. "हिच्या हळदीकुंकवाला सात सवाष्णी लागतात. दोन वर्षं सहाच बसतात. सातवा पाट ही लेकीसाठी मांडते आणि तसाच उचलून ठेवते." घसा खाकरून त्यानं आवाज नेहमीच्या करारीपणावर आणला. "ताट घेऊन सकाळी ये, हेमे. जावयालाही आण. आणि रस्त्यानं वळसा घालत बसू नका, कुंपणाच्या फटीतून या."

विमलानं पदर डोळ्यांना लावला. मग तिनं पिशवीत हात घातला आणि हिरव्या बांगड्यांचा जोड काढून हेमांगीच्या हातात ठेवला. तो तिनं दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता.

हेमांगी बांगड्यांकडं बघत राहिली.  इझाबेलनं रोझलीनच्या हातातून ताट घेतलं, टेबलावर ठेवलं आणि भरायला सुरुवात केली. आधी नेवऱ्या, मग कुलकुले. मेलिसा मदतीला आली आणि केकचा मोठा तुकडा उचलून ताटाकडं नेऊ लागली, तशी इझाबेलनं तिच्या हातावर चापट मारली.

"केक नको गो. उद्या गुरुवार."